रुपया पडतो तेव्हा कुणाच्या अंगावर पडतो?

१४ एप्रिलला आमच्या नाक्यावर फ्लेक्स लागतो. बाबासाहेब कोटात, खाली वस्तीतल्या पोरांची डोकी ओळीनं, गॉगल लावलेली, आणि वर सोनेरी अक्षरात : 'रिझर्व्ह बँकेचे जनक'. एका वर्षी सूतगिरणीत नव्यानं लागलेला एक पोरगा माझ्याशेजारी चहा पीत उभा होता. वर बघत म्हणाला, 'भाऊ, बँकेचं त्यांनी नेमकं काय केलं?' मी म्हटलं, पुस्तक लिहिलं, रुपयावर. तो म्हणाला, 'काय लिहिलंय त्यात?'

मी कपातला चहा संपवला. दुसरा सांगितला, तोही संपवला. पुस्तकाचं नाव मला पाठ होतं, 'द प्रॉब्लेम ऑफ द रूपी'. त्याच्यापुढं एक ओळ येत नव्हती. शाळा दहावीला सुटली हे खरं. पण कविता करताना दहावी आडवी आली नाही, मग हे वाचतानाच का यावी?

म्हणून वाचलं. महाराष्ट्र शासनानं १९८९ साली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा सहावा खंड काढला, त्यात त्यांचं अर्थशास्त्र आहे. तिसऱ्या पाळीहून आलो की तास-दीड तास, डिक्शनरी मांडीवर. एकेका पानाला तीन तीन दिवस गेलेत. काही पानं अजून डोक्यावरून जातात, कबूल. पण जे कळलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते तुमच्या-माझ्या पगाराबद्दल आहे.

आधी हुंडणावळ. जुन्या पेढ्यांतला शब्द. एका देशाचं नाणं दुसऱ्या देशाच्या नाण्यात बदलताना जो भाव पडतो तो. आपला रुपया १८३५ पासून चांदीचा. वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि तिचे रुपये पाडून आणावेत. विलायतेचा पौंड मात्र सोन्याचा. सोनं आणि चांदी जगाच्या बाजारात एकमेकाला धरून चालत होती तोवर रुपयाला सुमारे दोन शिलिंग म्हणजे २४ पेन्स मिळत. पौंडाला दहा रुपये. पुढं १८७१ ते १८७३ मध्ये जर्मनीनं चांदी सोडून सोनं धरलं, पाठोपाठ बाकीच्या देशांनी टांकसाळीची दारं चांदीला लावून घेतली, आणि चांदी घसरली. तिच्या गळ्यात बांधलेला रुपयाही घसरला. १८९२-९३ पर्यंत तो १५ पेन्सवर आला. पौंडाला सोळा रुपये.

आता बघा गंमत. हिंदुस्थान सरकारला दरसाल लंडनला पैसे पोचवावे लागत. त्याला 'होम चार्जेस' म्हणत. घरखर्च! रिटायर झालेल्या गोऱ्या साहेबांची पेन्शनं, रेल्वेसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, सगळं पौंडात. रक्कम सुमारे १ कोटी ६० लाख पौंड. पौंडाला दहा रुपये असताना याचे १६ कोटी रुपये होतात. सोळा झाल्यावर साडेपंचवीस कोटींच्या वर. देणं तेच, साहेब तेच, वरचे साडेनऊ कोटी इथल्या माणसाच्या अंगातून काढायचे. १८८८ साली मिठाचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. जगात चांदी पडली म्हणून भाकरीवरचं मीठ महाग झालं. ज्यानं आयुष्यात पौंड बघितला नाही त्यानं पौंडाचा भाव भरला.

हे पैसे जात कसे, ते कळायला मला आजोबांची मनिऑर्डर आठवली. आजोबा गिरणगावात रिंगखात्यात होते. पैसे परळला भरायचे, गावी आजीच्या हातात पडायचे. मधे नोट काही प्रवास करत नसे. सरकारचं कामही तसंच, फक्त उलटं. आपल्या कापसाच्या गाठी विलायतेला जात. तिथला व्यापारी त्याचे पौंड लंडनमध्येच भारतमंत्र्याकडं भरायचा आणि चिठ्ठी घ्यायचा. तिला कौन्सिल बिल म्हणत. ती चिठ्ठी मुंबईला आली की इथल्या सरकारी खजिन्यातून तिचे रुपये मिळायचे. म्हणजे कापूस गेला, पौंड लंडनला राहिले, आणि शेतकऱ्याला त्यानंच भरलेल्या साऱ्यातले रुपये कापसाची किंमत म्हणून परत मिळाले. तो खूश.

दादाभाई नौरोजींनी हा ओघ जन्मभर मोजला. त्यांचं मोठेपण मान्य. पण त्यांच्या हिशोबात दोन खाती आहेत, विलायत आणि हिंदुस्थान. हिंदुस्थान हे एकच खातं धरलेलं. त्या खात्याच्या आत कोण कुणाच्या ताटातलं खातो, हा सवाल पुढं महाराच्या एका पोरानं विचारला. तो आता येतोच.

२६ जून १८९३ ला सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपये पाडायचे ते फक्त सरकारनं. रुपयाचा पुरवठा आवळायचा, म्हणजे हुंडणावळ वर चढेल. चढलीही. पण गरिबाची बँक म्हणजे बाईच्या अंगावरची चांदी. गोठ, तोडे, वाळे. दुष्काळात ते मोडायचे. कालपर्यंत तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ एक रुपयाच होता. आता चांदी वेगळी आणि रुपया वेगळा झाला. रुपया वर गेला आणि वाळे खाली आले. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला, मग १८९९-१९०० चा छप्पन्नचा. त्यात ज्यांनी वाळे विकायला काढले त्यांना हा फरक कुठल्याही कमिशनपेक्षा आधी कळला असणार.

फाउलर कमिटीनं सांगितलं, सोन्याचं नाणं चालू करा, रुपयाचा भाव १६ पेन्स, पौंडाला पंधरा रुपये. १८९९ साली तसा कायदाही झाला. पण सोन्याची टांकसाळ काही निघाली नाही. निघालं ते भलतंच. आत देशात चांदीचा रुपया आणि कागदाची नोट. बाहेर देणं द्यायचं झालं तर सरकार पौंड देणार. आणि रुपये पाडण्यात जो नफा व्हायचा (रुपयातली चांदी रुपयापेक्षा स्वस्त, तेव्हा नफा होणारच) तो लंडनमध्ये राखीव म्हणून ठेवणार. याला सुवर्ण विनिमय परिमाण असं भारदस्त नाव. केन्ससारख्या हुशार माणसानं १९१३ साली पुस्तक लिहून या व्यवस्थेची तारीफ केली.

आणि याच व्यवस्थेवर लंडनमध्येच बसून एका हिंदी विद्यार्थ्यानं हातोडा घातला. हा विद्यार्थी कसा बसला होता ते सांगायला पाहिजे, कारण फ्लेक्सवरच्या कोटात ते दिसत नाही.

१९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तिथं प्रोफेसर सेलिग्मन. १९१६ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धा टाकून परत. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट महायुद्धात बुडाली. बडोद्यात नोकरी, पण राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून पैसे साठवले. थोडी शाहू महाराजांची मदत, थोडं मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज, आणि १९२० ला पुन्हा लंडन. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय, रात्री पापड भाजून त्यावर वेळ मारायची. इकडं रमाबाई मुंबईत संसार ओढतायत.

पैशावर ग्रंथ लिहिणाऱ्या किती लोकांना पैसा नसणं म्हणजे काय ते ठाऊक होतं?

१९२२ च्या ऑक्टोबरात प्रबंध दिला. परीक्षकांना तो होता तसा पसंत पडला नाही, पुन्हा लिहून द्या म्हणाले. खिशातले पैसे संपलेले. १९२३ च्या एप्रिलात मुंबईला परतले, प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि वर्षाअखेर डी.एस्सी. मिळाली. लंडनच्या पी. एस. किंग कंपनीनं पुस्तक छापलं. प्रस्तावना प्रोफेसर एडविन कॅनन यांची. कॅननसाहेब सरळ लिहितात की याचे बरेच मुद्दे मला पटत नाहीत, पण विचारात ताजेपणा आहे. गुरूनं चेल्याच्या पुस्तकात असं लिहावं आणि चेल्यानं ते तसंच छापावं, हे मला फार आवडलं. आपल्याकडं प्रस्तावना म्हणजे हार घालणं.

पुस्तकाचं म्हणणं माझ्या भाषेत असं. रुपयाला सोन्यात किती भाव मिळतो हे बघत बसू नका, रुपयात बाजारात काय मिळतं ते बघा. खरी किंमत ती. आणि सरकारच्या हातात हवे तेवढे रुपये पाडायची मोकळीक असली तर सरकार ती वापरल्याशिवाय राहणार नाही, मग सरकार गोरं असो की काळं. पहिल्या महायुद्धात तेच झालं. इंग्रजांच्या लढाईचा माल इथं खरेदी करायला रुपये आणि नोटा भसाभस निघाल्या, धान्य-कापड महाग झालं. जानेवारी १९१९ ला मुंबईच्या लाखावर गिरणी कामगारांनी संप केला तो याच महागाईत. लगेच १९२० ला सरकारनं रुपयाचा भाव एकदम दोन शिलिंग ठरवला आणि तो टिकवायला सुमारे साडेपाच कोटी पौंडांचे उलटे ड्राफ्ट विकले. बाजारात भाव कमी आणि सरकारी खिडकीवर जास्त. ज्यांच्याकडं रुपयांच्या राशी होत्या त्यांनी त्या पौंडात बदलून विलायतेला नेल्या. भाव तरीही पडलाच. तेव्हा बाबासाहेबांचा उपाय : रुपये पाडायला कायद्यानं हद्द घाला. लोकांना जशी टांकसाळ बंद केली तशी सरकारलाही बंद करा, आणि सोन्याचं नाणं काढा. हाकणाऱ्याच्या अकलेवर चालणारी गाडी नको.

हा उपाय आज जसाच्या तसा चालेल असं मी म्हणत नाही. आज जगात कुणाचंच चलन सोन्याला बांधलेलं नाही. पण पुस्तकातलं दुसरं एक म्हणणं आजही जिवंत आहे, आणि माझ्या मते तेच आपलं आहे.

त्या काळात व्यापारी आणि गिरणीवाले एक गोष्ट ठासून सांगत : रुपया खाली राहिला तर देशाचा फायदा. मुंबईचं सूत चीनला जायचं, कापूस विलायतेला, चहा विलायतेला. रुपया पडला की परदेशी पैशाचे जास्त रुपये मिळतात, निर्यात वाढते, उद्योग वाढतो. बाबासाहेबांनी किमती आणि मजुरी शेजारी शेजारी मांडल्या. किमती चढलेल्या, मजुरी मागं लंगडत येणारी. मग विचारलं, हा फायदा आला कुठून? बाहेरून आला का? नाही. तो देशातल्या एका वर्गाच्या खिशातून निघून दुसऱ्याच्या खिशात गेला.

मी हे पगाराच्या चिठ्ठीच्या मागं मांडून बघितलं. धरा, एका मालकानं दहा पौंडाचा माल बाहेर विकला. रुपया १८ पेन्सला असला तर त्याला १३३ रुपये आणि वर काही आणे मिळाले. १६ पेन्सला असला तर १५०. माल तेवढाच, मशीन तेच, माझे हात तेच. मला आधी तीस रुपये पगार होता, नंतरही तीसच. पण परदेशाहून येणारं रॉकेल महागलं, त्याच्यामागं बाकीचं महागलं, माझ्या तीस रुपयांत आता सव्वीस-सत्तावीसचाच माल येतो. मालकाच्या जादा सतरा रुपयांत माझे तीन-चार आहेत. शेजारच्या सायडरचे आहेत. डॉफर पोराचे आहेत. कुणी चोरी केली नाही, कुणी पगार कापला नाही, मुकादमानं दंड लावला नाही. नुसता रुपया पडला.

पगार कापला तर संप होतो. रुपया पडला तर कुणाविरुद्ध संप करणार?

१९२५ सालचं मुंबईचं चित्र यापुढं ठेवा. गिरणीमालकांनी जाहीर केलं, १ सप्टेंबरपासून पगारात साडेअकरा टक्के कपात. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. डिसेंबरमध्ये सरकारनं कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर उठवला, मालकांनी कपात मागं घेतली, संप मिटला. त्याच महिन्यात, १५ डिसेंबर १९२५ ला, रुपयाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढं, म्हणजे हिल्टन यंग कमिशनपुढं, बाबासाहेबांची साक्ष झाली. वाद हाच, १६ पेन्स की १८. मुंबईचे व्यापारी-गिरणीवाले १६ साठी हटून बसलेले, आणि त्याला राष्ट्राची मागणी म्हणत. कमिशनमध्ये सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली ती १६ साठीच.

परळच्या चाळीत राहणारा हा बॅरिस्टर त्या खोलीत एकटाच असा होता की ज्याच्या जिन्याखालून रोज गिरणीची पाळी जायची. त्यांनी दोन वर्ग वेगळे काढून दाखवले : धंदा करणारे आणि पगारावर जगणारे. राष्ट्र राष्ट्र म्हणता, तर आधी सांगा, कुणाचं.

इथं एक घाईचा निष्कर्ष काढू नये. रुपया जेवढा महाग तेवढं आपलं भलं, असंही नाही. रुपया फार चढला तर बाहेरचं कापड स्वस्त होऊन इथल्या गिरणीला कुलूप लागतं. १९२७ च्या कायद्यानं भाव १८ पेन्स ठरला, आणि पुढं जपानी कापडापुढं मुंबईच्या गिरण्या रडत होत्या. कुलूप लागलं तर तीस रुपयेही गेले. बाबासाहेबांनी धंदेवाल्याला बुडवा असं कुठं म्हटलेलं मला दिसलं नाही. ते हिशोब मागत होते.

आणि पगारावर जगणारा वर्ग तरी कुठं एकसंध होता? साचेखातं म्हणजे कापड विणायचं खातं, तिथं पगार जास्त. त्या खात्यात अस्पृश्याला घेत नसत. कारण धोट्यात कांडी भरली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. महाराच्या तोंडाचा धोटा कोण हातात धरणार? म्हणून आपला माणूस रिंगखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला. रुपया सगळ्यांवर सारखाच पडतो, पण वीस रुपयेवाल्यावर आणि चाळीस रुपयेवाल्यावर त्याचं वजन सारखं पडत नाही. माझे आजोबा पण रिंगखात्यातच का होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

राहिली रिझर्व्ह बँक. हिल्टन यंग कमिशननं १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँक सुचवली आणि १ एप्रिल १९३५ ला ती निघाली. कमिशनपुढं बाबासाहेबांची साक्ष झाली हे खरं, त्यांच्या अभ्यासाचं वजन होतं हेही खरं. पण अशा बँकेचा विचार त्याआधीचा आहे. खुद्द केन्सनं चेंबरलेन कमिशनच्या वेळी तिचा आराखडा केला होता. आणि बाबासाहेबांच्या साक्षीचा मुख्य भर बँकेवर नव्हता, रुपये पाडायच्या मोकळिकीला हद्द घालण्यावर होता. कमिशननं त्यांची सोन्याच्या नाण्याची योजना घेतली नाही. मला वाटतं, 'जनक' म्हटल्यानं आपण त्यांना मोठं करत नाही, गप्प करतो. बँकेच्या दारावर फोटो लागला की दाराआड काय चाललंय हे विचारायची गरज उरत नाही.

६ जून १९६६ ला डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर नेला. १९९१ च्या जुलैत तीन दिवसांत दोनदा रुपया खाली आणला. दोन्ही वेळेला देशाच्या भल्याची भाषा होती. २०२२ साली डॉलर ८० च्या वर गेला, तेव्हा आमच्याकडं ऑफिसातला एक बाबू सगळ्यांसमोर म्हणाला, 'एक्स्पोर्टवाल्यांचं बरंय बाबा.' आमच्या पगारात त्या महिन्यात एक पैसा वाढला नव्हता. आणि आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, डॉलर मोजून. आईनं त्या महिन्यात तेलाची पिशवी अर्धा लिटरची आणली. बाबूचं वाक्य मी आईला सांगितलं नाही.

१९४७ साली मुंबईच्या थॅकर कंपनीनं या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली. तिच्या प्रस्तावनेत बाबासाहेब म्हणतात, १९२३ च्या पुढचा इतिहास दुसऱ्या भागात लिहीन. त्यात काय काय आलं असतं! १९३१ ला इंग्लंडनं सोनं सोडलं आणि रुपया पौंडाला बांधला, मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, सारा आणि सावकाराचं व्याज तेवढंच राहिलं, आणि घराघरातलं किडूकमिडूक सोनं बाजारात येऊन बोटीनं लंडनला गेलं. चांदीचे वाळे आधीच गेले होते, आता मणी-डोरलं गेलं. पण त्याच वर्षी त्यांच्या गळ्यात घटनेचं काम पडलं. दुसरा भाग आला नाही.

त्या पोरानं परवा पुन्हा विचारलं. त्याला चिठ्ठीच्या मागचं १३३ आणि १५० चं गणित दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, 'यात ओव्हरटाइम कुठं धरलाय?' धरला नव्हता. नव्यानं मांडावं लागेल. तिसऱ्या प्रकरणाची झेरॉक्स माझ्याकडं आहे, डिक्शनरीही आहे. ज्याला बसायचं त्यानं रविवारी सकाळी नाक्यावर यावं, फ्लेक्सच्या खांबाजवळ.